भाड्यात धरलेलं

वन्संनी खोली घेतली ती बिनखिडकीची.
"समुद्र वर डेकवर फुकट आहे,
झोपेत कोण बघतंय त्याच्याकडे?"
आणि खरंच, पहिली रात्र आम्ही दोघी
डब्यात दाबून भरलेल्या मेतकुटासारख्या
गच्च झोपलो.

पैसे भिशीचे. वीस महिने साठवलेले.
म्हणून पहाटेपासून वसुली सुरू.
सातला इडली, साडेआठला ऑम्लेट,
नऊला पपई.
वन्संना पपई आवडत नाही,
पण भाड्यात धरलीय ना, मग दोन फोडी.
पाण्याची बाटली दीडशेला. आमची स्टीलची
सांगलीहून आलेली, जेवणघरात दोनदा भरली.
जिन्यात फोटोवाल्या पोरानं गाठलं.
वन्सं त्याच्यासाठी छान हसल्या,
फोटो घेतला नाही.
इंटरनेटही नको म्हणाल्या.
"तीन दिवस मी सापडले नाही
तर कुणाचं काय अडतंय?"
सहज म्हणाल्या. मी काही बोलले नाही.

बोट मुरगावला लागली.
धक्क्यावर कोळशाची पूड, ऊन,
आणि पाट्या धरून उभी माणसं:
जुनी चर्च, मसाल्याची बाग, जेवणासह,
माणशी साडेचार हजार.
वन्संनी चष्मा पुसून आकडा पुन्हा वाचला.
"एवढ्यात मी वर्षाचा मसाला करते,
कांडप धरून."
गेटपर्यंत फुकटची बस,
वास्कोपर्यंत पायी, डोक्यावर पदर,
पुढे कदंबा, खिडकीची जागा,
झुवारीच्या नव्या पुलाच्या तारा मोजत पणजी.

मांडवीत जुगाराच्या बोटी
लग्न उरकलेल्या मांडवासारख्या,
दिवे विझलेले, रंग उन्हात उघडे पडलेले.
त्यांच्या कडेनं बेतीची फेरीबोट निघाली होती,
गंजकी, सपाट, स्कूटरींनी भरलेली.
वन्सं मुठीत सुटे घेऊन चढल्या
आणि तिकीटवाला शोधत राहिल्या.

टोपलीला टेकलेली मासळीवाली म्हणाली,
"तिकीट ना गे बाय. चलपी मनशांक फुकट."
"आणि येताना?"
"येतनाय फुकट."

वन्संनी तिच्याकडे असं पाहिलं
जसं दुकानदारानं जास्तीचे पैसे परत दिलेत
आणि त्याला सांगावं की नको, ठरत नाहीये.

पाच मिनिटांचं पाणी.
डिझेलचा वास, त्यात पावाचा वास,
कुणाच्यातरी सायकलीवर गरम करंडी.
लोखंडी झडप खडखडत बेतीला टेकली,
सगळे उतरले. वन्सं नाही.
"परत जाऊ या."
गेलो. पुन्हा आलो. पुन्हा गेलो.
मासळीवाली केव्हाच उतरून गेली होती.
चौथ्या खेपेला त्या मोजायच्या थांबल्या.
कठड्यावर हात, पदर खांद्यावरून सुटलेला,
नदीकडे बघतच म्हणाल्या,
"ह्यांना पाण्याची भीती होती.
कृष्णेच्या घाटावर शेवटची पायरी
कधी उतरले नाहीत.
मग मीही उतरले नाही. एकोणचाळीस वर्षं."

दीड वाजून गेला होता.
"वन्सं, बोटीवरचं जेवण बुडालं.
दोघींचं. भाड्यात धरलेलं."

"बुडू दे."

धक्क्याजवळच्या टपरीवर
पाव आणि पातळभाजी खाल्ली, उभ्यानं,
आणि एक खेप आणखी केली.

रात्री बर्थवर पाय आखडून
त्यांनी वही काढली.
कदंबा, जाऊन येऊन, इतके.
पाव-भाजी, इतके.
फेरीबोट, असं लिहिलं,
आणि पेन बराच वेळ तसंच धरलं.
शून्य काढलं. खोडलं.
पुढची जागा तशीच सोडून वही मिटली.

दिवा मालवताना म्हणाल्या,
"उद्या पपई नको मला."

मग त्या बिनखिडकीच्या अंधारात
त्यांचा हात भिंतीवरून फिरताना ऐकू आला,
पाणी कुठल्या बाजूला आहे
ते चाचपत असाव्यात.