तीन आठवडे

हेस्टर ऑलक्रॉफ्टचं चित्र आमच्या घरात एकही नाही.
तिची पुस्तकं मात्र एकशे एकेचाळीस.
जिन्याखाली, जिथं पूर्वी व्हॅक्यूम क्लीनर असायचा
तिथं आता न्यूकॅसल, स्वॉन्झी, लीड्स,
आणि डेन्मार्कचा एक जाडजूड कॅटलॉग
ज्यातलं अक्षरही आम्हा दोघांना लागत नाही.

लेननं एकतीस वर्षं गॅसचे मीटर वाचले.
लोकांच्या जिन्याखाली वाकायचं, बॅटरी मारायची,
आकडा टिपून घ्यायचा.
ही सवय निवृत्तीनंतर कुठंतरी जाणारच होती.
ती हेस्टरकडे गेली.

मी तिला सवत म्हणते.
तो हसतो,
आणि पाकिटं शेजारच्या मिसेस डनहिलच्या पत्त्यावर मागवतो.

बाई रंगवते काय, तर पाणी.
हंबरची खाडी, ओहोटीची,
जी आमच्या मागच्या खिडकीतून फुकट दिसते.
हे मी एकदा बोलून दाखवलं.
दोन दिवस घरात फक्त किटली बोलत होती.

तिचं एक चित्र आहे, ‘ओहोटी, सकाळ’.
नऊ कॅटलॉगांत छापलंय.
एकात ते भांडी घासायच्या साबणासारखं निळं,
एकात वाटाण्याच्या रश्श्यासारखं हिरवं,
एकात पानाच्या शिवणीनं अख्खी होडी गिळलेली.
डेन्मार्कवाल्यांनी तर उलटंच छापलं,
दीपगृह डावीकडे.
लेन रविवारी नऊही टेबलावर मांडतो, दिव्याखाली.
नऊ साक्षीदार, नऊ जबान्या,
आणि समोर एक माणूस
ज्यानं घटना पाहिलेलीच नाही.

दहावा त्याच्याकडे नव्हता.
गूलच्या वाचनालयातलं प्रदर्शन, १९८३,
बारा पानं, दोन पिना.
अकरा वर्षं तो त्याच्यामागे होता,
पत्रं लिहून, फोन करून,
मेलेल्या ग्रंथपालांच्या मुलींनाही विचारून.

मला तो बेव्हर्लीत सापडला.
चर्चच्या जुन्या बाजारात, विणकामाच्या नमुन्यांखाली.
चाळीस पेन्स.
मी दिले, पिशवीत टाकला,
घरी आले,
आणि बोलले नाही.

का, ते नीटसं सांगता येत नाही.
रोज सकाळी वाटायचं, आज देऊ.
मग तो चष्मा कपाळावर ढकलून
गूलचं नाव काढायचा,
आणि त्याचा चेहरा असा उजळायचा
की मला वाटायचं, राहू दे अजून एक दिवस.

मग लीड्सला मूळ चित्रच आलं.
आम्ही गेलो. त्यानं टाय लावला होता.
चित्र चहाच्या ट्रेएवढं.
इतकंसं? असं माझ्या ओठांवर आलं होतं,
पण लेनकडे पाहिलं आणि गिळलं.
तो चित्रापुढे असा वाकला होता
जसा परक्या घरात, परक्या अंधारात
आकडा दिसेपर्यंत वाकायचा.

मग मीही पाहिलं.
त्यात निळा नव्हता. हिरवा जवळपास नव्हताच.
राखाडी होता, पण एक राखाडी नव्हे,
किती होते ते मोजायला मला जमलं नाही.

परतीच्या गाडीत तो खिडकीशी.
ब्रोच्या पुढं रूळ खाडीला लागतात.
‘नऊही खोटे,’ तो म्हणाला.
आवाज थकलेला.
मी पिशवी उघडली.

स्वस्तातली छपाई, काळी-पांढरी,
कडेला शाई पसरलेली.
त्यानं पान उलटलं, सातवं,
काचेला टेकवून धरलं.
बाहेर पाणी उतरत होतं.
पान आणि पाणी, पान आणि पाणी,
फेरिबी गेलं, त्याला कळलंही नाही.

‘हा जवळ आहे,’ तो म्हणाला.
‘सगळ्यांत जवळ हाच.’

हेसल आलं. आम्ही उतरलो.
पुलाखालून वारा येत होता, त्यानं कोटाची बटणं लावली,
कॅटलॉग आत, सदऱ्याला लागून.
फाटकाशी थांबून विचारलं,
‘किती दिवस होता पिशवीत?’

‘तीन आठवडे.’

त्यानं मान हलवली,
खिशातून पेन्सिल काढली,
आणि तिथंच, दिव्याच्या खांबाखाली,
तोही आकडा टिपून घेतला.