मिलचा सूर

पहिल्या धड्याला काय घ्यायचं
हे धान खरेदीच्या जुन्या पावतीबुकामागे लिहितेय
सोमवारपासून.
गिटार कशी धरावी. खोडलं.
तारांची नावं. खोडलं.
चार कॉर्डमध्ये चाळीस गाणी. हे सुयोगचं अक्षर.
भाचा म्हणतो, मावशी, पहिल्या दहा सेकंदांत
काहीतरी जोरदार वाजव,
नाहीतर पोट्टे पळून जातात.

आत्तापर्यंत पैसे भरलेले तिघे.
तुमसरच्या बँकेत रोखीवर बसणाऱ्या बोपचेबाई,
नखं कापणार नाही, आधीच सांगून ठेवलंय.
पुण्याच्या होस्टेलवरचा एक मुलगा, कॅमेरा लावत नाही.
आणि मूलचे निवृत्त कंपाउंडर चौखे, वय एकाहत्तर.
त्यांना एकच गाणं हवंय,
दिवाळीच्या आत.
कुठलं, ते अजून सांगत नाहीत.

माझं शिकणं असं नव्हतं.
ईस्तारी गुरनुले झाडीपट्टीच्या नाटकांत
रात्रभर स्टेजच्या डाव्या अंगाला बसून वाजवायचे,
दिवसा सायकलींचे पंक्चर काढायचे.
पहिल्याच दिवशी म्हणाले, खुंटी पिळ.
अजून. पिळ ना वो, कायले भेतं?
तार तुटली, गालाला चाटून गेली.
झालं, म्हणाले, आता भेव निघालं.
मग चंद्रपूरहून नवी तार येईपर्यंत
अकरा दिवस पाच तारांवर शिकवलं.
धडा चांगला होता.
पण फोनवरून कुणाला तार तोडायला सांगू?
बोपचेबाई पैसे परत मागतील.

आणि रोवण्याचं काय सांगू?
आठ दिवस चिखलात हात राहिले
की बोटांवरचे वर्षभराचे घट्टे
भिजल्या पापडासारखे सुटतात.
मी दर श्रावणात नवशिकी होते.
हे कुठल्या धड्यात बसवायचं?

काल रात्री ट्यूनर उघडला आणि आठवलं.
आमच्या घरामागे राईस मिल.
तिची मोटर ज्या सुरात घुमते
त्याला जाड तारेचा तिसरा पडदा मिळवायची मी,
बाकीच्या तारा मग त्या तारेवरून.
दुसरं काही नव्हतंच मिळवायला.
दहा वर्षं.
नागपुरात पहिल्यांदा चौघांसोबत बसले
तेव्हा सगळे थांबून माझ्याकडे बघायला लागले.
जी म्हणावं तर चढलेलं,
जी शार्प म्हणावं तर उतरलेलं,
माझं सगळंच, अगदी सगळंच.
परतीच्या गाडीत गिटार मांडीवर घेतली नाही,
पायाशी ठेवली.
सिंदेवाहीला उतरले, घरी आले.
मिल चालू होती.
गिटार एकदम बरोबर.

तर असं ठरवलंय,
पेन्सिलने:
पहिल्या दिवशी काही वाजवायचं नाही.
तुमच्या घरात जे बंदच होत नाही ते ऐका,
फ्रीज, पाण्याची मोटर, शेजाऱ्याचा पंखा.
मग जाड तारेवर बोट सरकवत
ते कुठे सापडतं बघा.
सापडलं तर तिथेच थोडं थांबा.
ट्यूनर दुसऱ्या दिवशी.

सुयोग म्हणाला, हे कोणी पाहणार नाही.
तरी तिघांना पाठवलं.
बोपचेबाईंचं उत्तर आलं: नोटा मोजायचं मशीन चालेल का?
होस्टेलच्या मुलाने नुसता अंगठा.
रात्री साडेदहाला चौख्यांचा फोन.
म्याडम, आमच्या घरी तर आता काहीच वाजत नाही.
तिची शिलाई मशीन आहे तेवढी.
ते चालवून पाहू का?

चालवा, म्हटलं.
फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज.
खुर्ची सरकली.
मग बराच वेळ काहीच नाही,
दोरा ओवत असावेत.

दोऱ्याशिवायही चालेल,
हे मी सांगितलं नाही.