अडीच जणांचं पाकीट

शुक्रवारी शेवटच्या तासाला नववी 'ब'च्या बाकांवर
रिकाम्या पाकिटांचा बाजार भरला.
घणसोली नाक्यावरची सगळी दुकानं जणू
खिसे उलटे करून वर्गात आलेली.
बोटांना मीठ, वह्यांना मसाल्याचा वास.

मी म्हटलं, पुढून वाचू नका.
पुढे टोमॅटो हसतो, गाय हसते,
षटकार मारणारा मुलगा हसतो.
पालथं करा पाकीट.
पाठीवरचं बारीक अक्षर हसत नाही.

भूगोलाच्या कपाटातलं भिंग हातोहात फिरलं.
जे आधी लिहिलंय ते सर्वांत जास्त,
एवढा एकच नियम सांगितला
आणि वर्ग चोर पकडायला निघाला.
साखर सापडली सॉसमध्ये,
साखर सापडली उंची वाढवणाऱ्या पावडरीत,
क्रीमच्या बिस्किटात तर ती
इन्व्हर्ट सिरप असं नाव लावून राहत होती.
शबिस्तानं कोल्ड्रिंकच्या बाटलीशेजारी
कागदावर चमचा चमचा साखर मांडली.
तेराव्या चमच्याला मागच्या बाकावरून शिट्टी.

मग संयोगिता गवते उठली.
"बाई, तुमच्या पर्समधली बिस्किटं बघू?"
पुढे हिरवा रंग, गव्हाची लोंबी, 'पचायला हलकी'.
पाठीवर पहिला शब्द: मैदा.
वर्ग इतका हसला की
शेजारचे सोनकुसरे सर डोकावून गेले.
मीही हसले.
सहा वर्षं खाते आहे,
डॉक्टरांना अभिमानानं सांगून.

"बरं, या शेवयांच्या पाकिटात किती जणांचं खाणं?"
तन्मेश मढवीनं भिंग डोळ्याला लावलं.
"अडीच जणांचं, बाई."
अडीच! हा अर्धा कोण?
अर्धा म्हणजे उपासवाला,
अर्धा म्हणजे पहिल्या बाकावरचा ठेंगू...
हसू ओसरेपर्यंत तो थांबला.
"मी एकटाच खातो.
आईला सेकंड शिफ्ट असते, रबाळ्याला.
पॅकिंगलाच आहे ती."

फळ्यावर मी गुणाकार मांडून ठेवला होता,
एका वाट्याचं मीठ गुणिले अडीच.
खडू उचलला
आणि तो हातातच राहिला.
पाकिटाच्या पाठीवर सगळं छापतात,
आई किती वाजता येते
तेवढं नाही छापत.

उत्तर शेवटी त्यानंच लिहिलं.
दिवसभराच्या मिठाच्या निम्म्याहून जास्त.
खाली दोन रेघा ओढल्या,
गणिताच्या वहीत ओढतो तशा,
आणि हात झटकत जागेवर जाऊन बसला.

बुधवारी जिन्यात गाठलं त्यानं मला.
"बाई, काल दुकानवाला ओरडला.
सात पाकिटं पालथी केली मी.
म्हणतो, दुकान आहे हे, वाचनालय नाही."
मग?
"मग दोन अंडी घेतली.
त्यांच्यावर काही छापलेलंच नव्हतं.
उकडताना एक फुटलं."

चार पायऱ्या उतरून तो वळला.
"दोन्ही मीच खाल्ली, बाई.
त्या अर्ध्याला काही ठेवलं नाही."