कानाच्या उंचीला

वडगावात आमच्या गल्लीत
दिवस उजाडत नाही, सुरू होतो:
कुणीतरी खटका ओढतो
आणि अठरा माग एकदम बोलायला लागतात.

मी कांड्या भरते. एकवीस वर्षं.
लग्न होऊन आले तेव्हा धोट्याच्या आवाजानं
आठ दिवस घास उतरला नाही.
मग आवाज गेला.
म्हणजे तो तिथंच होता, माझ्यापुरता गेला.
आता मी सगळ्यांशी ओरडून बोलते,
देवाशीसुद्धा.

पालकसभेत मी तोंड उघडलं की
संपदा पदर ओढायची.
मला वाटायचं, पोरीला लाज वाटते.
वाटत असेलही. चौदाव्या वर्षी
आईची लाज वाटायचीच असते.

मग एका शनिवारी ती आणि नदाफांची सुहाना
शाळेच्या कपड्यांतच मागावर आल्या.
हातात हलगेकर बाईंचा मोबाईल, काच तडकलेली,
वहीत रकाने आखून तयार.
मालक म्हणाला, "फोटो काढूलालासा काय गे?"
"नाही काका, आवाज मोजूलालाव."
तो पोट धरून हसला.
त्याचं हसणं आकड्यात आलं नाही,
माग चालू होते.

मागाशेजारी सत्त्याण्णव.
दाराबाहेर, कढीपत्त्याच्या डब्यापाशी, एक्याऐंशी.
माझ्या स्टुलावर, मला हलू न देता,
कानाच्या उंचीला मोबाईल धरून, चौऱ्याण्णव.
दहानं आकडा वाढला की ताकद दहापट, असं तिनं समजावलं.
म्हटलं, असा पगार वाढतो का बघ कुठं.
पंच्याऐंशीच्या वर आठ तास बसू नये म्हणाली.
मी दहा तास असते, म्हटलं.
पेन्सिल जरा थांबली,
मग तिनं तेही लिहून घेतलं.

अंड्यांचे ट्रे भिंतीला लावून बघितले, सगळे सांगतात म्हणून.
दोनच अंक उतरले.
सुहानानं वहीत लिहिलं: फसलं.
बाई म्हणाल्या, प्रदर्शनात सुरुवात इथूनच करा.
मग बारदानात मागावरचाच सुताचा गुंता ठासून
पोरींनी उशा शिवल्या, दाभणानं, बोटं फोडून घेत.
दाराबाहेर एकाहत्तर.

जिल्ह्याच्या प्रदर्शनात परीक्षकानं विचारलं, "एष्टु?"
"तोंबत्तेळु," संपदा म्हणाली, न अडखळता.
कन्नड ती रविवारपेठेत शिकली,
माझ्याबरोबर सुताच्या भावाला भांडताना.
दुसरा नंबर आला. नाव दोनदा पुकारलं म्हणे.
मला ते सुहानाच्या आईच्या कोपरानं कळलं.
प्रमाणपत्रावर एक काना कमी पडलाय,
संपद.
तिनं घरी आल्यावर पेनानं लावून घेतला.

मालकानं उशा काही लावल्या नाहीत.
पेट घेईल, म्हणाला.
मी चिडले. ती नाही चिडली.
"बरोबर आहे त्याचं, आई. सूत जळतंय."
आता ती न जळणारं काहीतरी हुडकूलालीय.
सुहाना रोज संध्याकाळी काहीबाही घेऊन येते,
परवा नारळाचा काथ्या, काल फुटक्या कौलांचा चुरा.

काल रात्री वीज गेली.
रात्रपाळीचे मागही थांबले,
गल्ली एकदम परक्याची झाली.
तिनं मामाचा जुना मोबाईल धरला:
एकतीस.
मी म्हटलं, कुठं काही नाही, तर हे एकतीस कशाचे?
ती काहीतरी बोलली. मला ऐकू आलं नाही.
एरवी ती ओरडून परत सांगते.
काल सांगितलं नाही,
मोबाईल माझ्या तोंडापुढं आणला.

"काय गे?" मी विचारलं.
अठ्ठ्याहत्तर.
जरा दमानं विचारलं.
साठ.
तिनं हाताची ओंजळ हळूहळू खाली नेली,
पीठ चाळताना नेतात तशी.
मी पुन्हा विचारलं, नुसत्या श्वासानं, काय गे.
त्रेचाळीस.

अजून, ती म्हणाली.
त्या काचेच्या उजेडात तिचे ओठ दिसत होते,
आणि ओठ तर मागावरच्या आम्ही सगळ्या
वाचतोच.