गुळापाशी

जालन्याच्या भंगारातला लीड स्क्रू,
शिलाई मशीनची मोटर,
सुईला गुंडाळलेली हीटरची तार.
पांचाळमामाच्या लेथनं सात महिने
नुसत्या प्लॅस्टिकच्या ताटल्या नासवल्या.

मग एका रात्री रेघ बसली.
ॲम्प्लिफायर ट्रॅक्टरच्या बॅटरीवर,
मोटर घरच्या लाइटीवर,
आणि माइकपुढं गंगासागरमामी,
काय बोलावं सुचेना म्हणून किराणा सांगत:
करडईचं तेल दोन किलो, हळद, गूळ...
सुईमागं केसासारखा धागा निघत होता
तेवढ्यात लाइट गेली.
ताटली मंदावत थांबली.
मामी बोलतच होती.

लाइट आल्यावर लावून बघितली, तर
मामीचा आवाज बारीक होत गेलेला:
हळदीला पोरसवदा,
गुळापाशी पाळण्यातला.

"दुसरी कापायची का?" मी विचारलं.
मामानं सुई उचलली,
फुंकली,
पुन्हा हळदीवर ठेवली.