मागचा आवाज

शौचे सरांनी रेकॉर्डर दिला,
रजिस्टरात सही घेतली,
सेल तुमचे, असं बजावलं, आणि म्हणाले,
महिनाभर गाव ऐकून या.
आवाज स्वच्छ हवा.
मागचा आवाज नको.

पहिल्या दिवशी कॉलेज रोडला उभी राहिले.
माईकवर जुन्या कानटोपीचा तुकडा,
वारा लागू नये म्हणून.
एक पोरगा म्हणाला, हे काय, उंदीर पाळलाय का?
ते आलंय.
फाइल एक, नवव्या सेकंदाला.

मग झेरॉक्सवाले निरगुडे:
"पाठपोट की सिंगल? कोणाच्या नोट्स?
गायधनीच्या? घ्या डोळे मिटून,
तीन वर्षं तिच्याच वहीवर दुकान चाललंय."
काचेखालून उजेड सरकतो
त्यालाही आवाज असतो,
मला ठाऊक नव्हतं.

थत्ते नगरच्या कोपऱ्यावर दोघं.
ती: मग सांगून टाक ना घरी.
तो: सांगतो.
ती: कधी?
यानंतर ओझरचं विमान,
आभाळ उभं फाडत, अकरा सेकंद.
ते गेल्यावर ती म्हणते, बरं.
काय बरं, ते विमानाला माहीत.

न विचारता घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी जाऊन विचारलं.
ती एकटीच होती.
म्हणाली, माझं ठेव, त्याचं पूस.

तांबट आळीत काका ठोके थांबवून बसले.
बोल, काय विचारायचंय?
विचारायचं काहीच नव्हतं, ठोकेच हवे होते.
तर लाजले. सदऱ्याला हात पुसले
आणि कोणी फोटो काढतंय अशा बेताने
पातेल्यावर हातोडी ठेवू लागले.
तीन मिनिटं सगळं खोटं.
मग एक गिऱ्हाईक आलं, घडणावळीवरून जुंपली,
आणि रागाच्या भरात
हात पुन्हा खरा पडला.

सातपूरचा भोंगा.
रविवार कारंजावर "एकच सीट, एकच सीट",
आणि रिक्षा सबंध रिकामी.
मिसळीच्या टेबलावर न मागता आदळलेली
रश्श्याची वाटी.
सीबीएसला कंडक्टर कुणाला तरी:
"सुट्टे नाहीत तर काय, मी टाकसाळ आहे का?
टाकसाळ नाशिक रोडला."

महिना संपला.
रात्री लॅबमध्ये एक बटण दाबलं:
गोंगाट वजा करा.
माणसं उरली,
कापूस भरलेल्या खोलीत बोलत असल्यासारखी,
त्यांच्या पायाखाली रस्ता नाही,
निरगुडे कुठल्याच दुकानात नाहीत.

खाली एक चौकट होती:
फक्त वजा केलेलं ऐका.
सहज टिचकी मारली.

कुकर. चपला. लांबवर कुणाचं तरी शटर.
प्रत्येक फाइलीत एक श्वास, थोडा चोंदलेला.
माझाच.
आणि तेविसाव्या फाइलीत, हॉस्टेलच्या जिन्यात,
दीपाली आहेर मेसबद्दल तावातावाने सांगतेय
तिच्या खालून, अगदी तळातून:
"हा माय, जेवनू.
वांगानी भाजी व्हती.
तू काळजी नको करजो."

मला वाटलं, आपल्याकडची
हॉस्टेलात आणखी कोण आली?
तीनदा ऐकलं.
मग आठवलं,
रेकॉर्डर पायरीवर ठेवून
मी फोन घ्यायला खालच्या वळणावर गेले होते.

दोन वर्षं नाशकात
ही बोली मी भिंतीकडे तोंड करून बोलते.
इतकी हळू
की यंत्रानंही तिला गोंगाटात धरलं.

सरांना स्वच्छ आवाज दिला. छान, म्हणाले.
रेकॉर्डर परत केला, सही केली,
सेल काढून घेतले.
कार्डात एक फाइल राहू दिलीय.
पुढच्या वर्षी ज्याच्या हाती लागेल
त्याला नाव वाचून वाटेल, पाककृती असावी:
वांगानी भाजी.
लांबी, चौदा सेकंद.