पांढरी पाचच्या किंचित वर

जुन्या बाजारात, बुधवारी,
कॅसेटी नगावर मिळतात. दहाला एक.
मी अकरा घेतल्या.
लेबलं पुसलेली. एकीवर फक्त निळ्या शाईत
"शैलाचा साखरपुडा, बाजू ब".

घरी, धायरीत, चौथ्या मजल्यावर
त्यातली एक वीत फीत मी कापली,
टोकाला टोक चिकटवलं
आणि पेन्सिलीला वळसा घालून फिरत ठेवली.
आता शैलाचा साखरपुडा साडेचार सेकंदांचा आहे.
कुणीतरी म्हणतं, "बसा ना,"
एक भांडं पडतं,
आणि एक बाई हसायला लागते.
लागतेच. हसून होत नाही तोवर
"बसा ना" परत येतं.

मी वेग निम्म्यावर आणते.
बाईचा बाप्या होतो.
आणखी निम्म्यावर:
भांडं पडायला आता इतका वेळ लागतो
की मधे चहा होईल.

त्याच्या बुडाशी एक ऑसिलेटर,
तापकीर गल्लीतल्या सुट्या भागांचा,
हिरवी पाटी, तीन खुंट्या, एक कायम सैल.
ती सैल आहे म्हणून सूर थोडा डुलतो.
डाग देऊन घट्ट करता आली असती.

आई फोनवर विचारते, "झालं का गाणं?"
गाणं नाही गं.
"मग चाल?"
चालही नाही.
"मग रात्रभर करतेस काय?"
झाकण ठेवलंय, म्हटलं, वाफ मुरतेय.
हे तिला लगेच पटलं.
जेवलीस का, विचारून तिनं फोन ठेवला.

पाचव्या रात्री दार वाजलं.
खालचे ओव्हाळ काका. बंडी, लुंगी, हातात टेस्टर.
"तुमच्या फ्रिजचा कॉम्प्रेसर चाललाय.
चार दिवस ऐकतोय मी.
आग लागल्यावर सांगून उपयोग नाही."

आत नेलं. फीत दाखवली, पेन्सिल, पाटी.
खुर्ची नको म्हणाले.
खाली बसले, तळवा फरशीवर टेकवून,
तेहेतीस वर्षं सबस्टेशनात
रात्रपाळीला बसत होते तसे.
बराच वेळ काही बोलले नाहीत.
भांडं सात वेळा पडलं.

"हा पन्नास सायकलच आहे," मग म्हणाले,
"पण उतरलाय. संध्याकाळी सातला
सगळीकडचे दिवे एकदम लागले की
आमचाही असा उतरायचा. पोटात कळायचं.
मीटर नंतर बघायचो."

मी कपाटावरची पेटी काढली.
पांढरी पाच दाबली, फ्रिज वर राहिला.
काळी चार दाबली, फ्रिज खाली.
ट्यूबलाइट तिथेच, पाण्याची मोटर तिथेच,
दोन पट्ट्यांच्या मधल्या फटीत
सगळी सोसायटी एका सुरात,
आणि बारा वर्षं शिकून
मला तो कुणी शिकवला नव्हता.

"चढवा," काका म्हणाले.
मी सैल खुंटी धरली.
माझ्या सुराचे नि फ्रिजचे ठोके
एकमेकांवर आपटत होते, लांब झाले,
"अजून,"
आणखी लांब,
"अजून. हं, हं, सोडू नका,"
आणि थांबले. खोली सपाट झाली.

तेवढ्यात वीज गेली.

फ्रिज गेला, मोटर गेली, खालचा रस्ता गेला.
शैला गेली.
जे कानाला कधी ऐकू येत नव्हतं
ते गेल्यावर कान मोठा झाला.
आणि त्या काळोखात काका गुणगुणत होते,
तोंड मिटून, एकच स्वर, न हलता.
पेटी मांडीवर होती. पेटीला वीज लागत नाही.
तपासता आलं असतं.
मी भात्यावरचा हात काढून घेतला.

किती मिनिटं, माहीत नाही.
मग "चला," म्हणत ते उठले, टेस्टर शोधला,
दारापर्यंत गेले, आणि दिवे आले.
फीत वेग पकडता पकडता
कुणीतरी जड आवाजात म्हणालं, "बसा ना."

काका बसले.